फटफटीचं अभ्यंगस्नान

आमच्या फटफटी मंडळात पाच सभासद होते, आणि त्यांपैकी तिघांना फटफटी चालवता येत होती. उरलेल्या दोघांत एक आमचे अध्यक्ष होते. त्यांच्या वडिलांचा जिनिंगचा कारखाना होता, त्यामुळे अध्यक्ष कोणी व्हावं यावर फारशी चर्चा झाली नाही. मी चिटणीस झालो, कारण माझं अक्षर बरं होतं.

ही पन्नास सालानंतरच्या चार-सहा वर्षांतली गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि ज्याच्याकडे सायकल तो सुधारलेला. अशात लढाई संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेल्या चार जुन्या फटफट्या फिरत फिरत आमच्या गावी आल्या. मूळचा मातकट हिरवा रंग खरवडून आम्ही त्यांना आपापल्या आवडीचे रंग दिले. माझी तांबडी होती. अध्यक्षांची तेवढी कोरी, काळी, मुंबईहून रेल्वेने आलेली. स्टेशनावरून ती बैलगाडीत घालून घरी आणली, आणि पुढे बरेच महिने अध्यक्ष तिला अंगणात स्टँडवर उभी करून तिच्यावर बसत आणि नुसतं इंजिन चालू ठेवत. गल्लीतल्या लोकांना वाटे, अध्यक्ष कुठून तरी येऊन राहिले आहेत. ते कधीच कुठे गेलेले नसत.

सभासद होण्यासाठी एकच अट होती, फटफटी स्वतःच्या मालकीची पाहिजे. चालवता येण्याची अट घालावी असं कोणाच्या मनातही आलं नाही. त्यामुळे झालं असं की अख्ख्या तालुक्यात ज्या एका माणसाला फटफटीतलं खरोखर काही कळत होतं, तोच मंडळाच्या बाहेर राहिला. हा मिस्त्री लढाईत ब्रह्मदेशाच्या जंगलापर्यंत लष्कराची फटफटी घेऊन गेला होता. चिखलातून, बॉम्बच्या खड्ड्यांतून निरोप पोचवायचे हे त्याचं काम. नुसता आवाज ऐकून तो इंजिनाचं दुखणं सांगायचा. आमच्या पाचही गाड्या त्याच्याच जिवावर चालत होत्या. बैठक असली की तो अंगणात गाडी खोलून बसलेला असे आणि आम्ही ओसरीवर फटफटीच्या भवितव्यावर बोलत असू. चहा मात्र त्यालाही देत होतो, उगाच खोटं कशाला बोला.

माझी फटफटी कशी आली हे सांगायला मला आजही आवडत नाही, म्हणून लवकर सांगून टाकतो. आमच्या घरी एक दमणी होती, म्हणजे माणसांच्या प्रवासाची छत घातलेली हलकी बैलगाडी, आणि तिला जुंपायची पांढऱ्या, धावऱ्या बैलांची जोडी होती. मायचं सगळं येणंजाणं, लग्नकार्यं, जत्रा त्या दमणीतून झालेल्या. मी पंधरा दिवस वडिलांच्या मागे लागलो की बैल बसून खातो, फटफटी बसून खात नाही. वडील शेवटी कंटाळून हो म्हणाले. जोडी बाजारात गेली, फटफटी घरात आली, दमणी गोठ्याच्या कोपऱ्यात गेली आणि तिच्यावर कोंबड्या बसायला लागल्या. मायने एवढंच विचारलं, "आता पोरीले आणाले कायच्यात जाशीन?" मी ऐटीत तांबड्या फटफटीकडे बोट दाखवलं.

पोरगी म्हणजे माझी धाकटी बहीण. ती किन्हीराजाजवळच्या एका खेड्यात दिली होती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ती दमणीतून माहेरी आली होती. दुसऱ्या दिवाळीला मी फटफटीवर निघालो आणि मालेगावाच्या अलीकडे साखळी तुटली. सणाच्या दिवशी साखळी जोडून देणारा माणूस सापडेना. मी फटफटी ढकलत घरी परत आलो. तिकडे धाकटी पेटी भरून दारात बसली होती, दिवस बुडेपर्यंत. हे मला नंतर कळलं. मंडळात मात्र मी हा प्रसंग 'दूरच्या प्रवासातले अनुभव' या नावाखाली सांगितला आणि सगळ्यांनी माझी वाहवा केली.

दोन वर्षं झाली, मायने लेकीचं तोंड पाहिलं नव्हतं. ती स्वतः जाऊ शकत नव्हती, कारण लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी पिऊ नये, ही आमच्याकडची रीत, आणि धाकटीला अजून मूल नव्हतं. तेव्हा भेट व्हायची तर दिवाळीलाच, आणि ती मी आणीन तेव्हाच. त्या वर्षी पोळा झाल्यापासून माय रोज एकदा मला ऐकू जाईल अशा बेताने बोलायची, "औंदा तरी येईन माही पोरगी."

तिकडे धाकटीच्या सासूचा फटफटीला विरोध होता. सुनेला असल्या भुतावर बसवून धाडायला ती तयार नव्हती. पण सासरा भला माणूस, आणि हौशी. नवरात्रात तो वाशीमच्या बाजाराला आला होता, तेव्हा माझ्या फटफटीभोवती त्याने तीन चकरा मारल्या.

"पाव्हणे, औंदा हेच घेऊन या," तो म्हणाला. "पाडव्याच्या दिवशी सकाळीच या. आमच्या गावानं पाह्यली पायजे ना. घरात मी समजावतो. सून न्या तुमी बिनघोर."

म्हणजे गाडीची बाजू घेणारा एकच माणूस तिकडे होता, आणि तो सासरा होता. हे लक्षात ठेवा.

दिवाळी जवळ आली तसं आमच्या मंडळाला लोकांच्या सुरक्षिततेचं सुचायला लागलं. ते दिवस रस्त्यावर गर्दीचे. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघालेल्या, माहेरवाशिणींच्या गाड्या, गावोगावचे बाजार. फटफटीचा आवाज ऐकून बैल उधळायचे. दोन गाड्या त्या वर्षी नाल्यात गेल्या होत्या आणि एका शेतकऱ्याने आमच्या एका सभासदाला तुतारी, म्हणजे बैल हाकायची अणकुचीदार काठी, घेऊन अर्धा मैल पळवलं होतं. तेव्हा अध्यक्षांनी ठराव मांडला की सणासुदीत फटफटी सुखरूप कशी चालवावी याचे नियम करावेत. ते लिहायचं काम अर्थातच माझं.

मी नियम लिहिले, आणि खरं सांगतो, फार सुंदर लिहिले. समोरून बैलगाडी दिसली की इंजिन बंद करून खाली उतरावं, बैल पुढे गेल्यावरच चालू करावं. धोतराचा सोगा साखळीपासून लांब खोचावा. पेट्रोलच्या डब्याजवळ फटाके, फुलबाज्या अथवा विडी पेटवू नये. निघण्यापूर्वी ब्रेक स्वतः तपासावा, दुसऱ्याच्या भरवशावर राहू नये. मागे बसणाऱ्या बायामाणसांसाठी वेगळं कलम होतं. पाय एकाच बाजूला ठेवावेत, पदर कमरेला खोचावा, उतारावर चालकाशी बोलू नये. या नियमांच्या मी हाताने प्रती काढल्या. एक देवळाच्या खांबाला लावली, एक शाळेत दिली आणि एक कौतुकाने धाकटीला पत्रात घालून पाठवली. तिला वाचता येत होतं. मीच शिकवलं होतं.

नियम करून झाले म्हणजे सुरक्षितता झाली, असा आमचा सगळ्यांचा समज होता. मग राहिला सण. दसऱ्याला फटफट्यांना हार घालून झाले होते. दिवाळीत काही विशेष व्हावं असं अध्यक्षांना वाटत होतं. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी त्यांना ते सुचलं.

"आपण बैलाले पोळ्याच्या दिवशी न्हाऊ घालतो का नाई?" ते म्हणाले. "मंग यायनं काय पाप केलं? उद्या पहाटे आंघोळ. तेल, उटणं, सगळं."

आम्ही पाचजण शिकलेले होतो. त्यातला एक तर मॅट्रिक होता. एकाच्याही तोंडून 'नाही' निघालं नाही.

पहाटे अध्यक्षांच्या अंगणात पाचही फटफट्या ओळीने पाटावर उभ्या केल्या. पाट म्हणजे खरोखरचे पाट, भोवती रांगोळी काढलेले. अध्यक्षांच्या आईने तिळाचं तेल कोमट करून दिलं होतं, चांगलं पितळी तांब्याभर. आम्ही अस्तन्या वर करून तेल लावायला लागलो. टाकीला लावलं, हँडलला लावलं, आऱ्यांना लावलं. मग चाकाच्या मधला तो गोल डबा चमकावा म्हणून त्याच्यावर तेल ओतलं आणि हातांनी चोळचोळ चोळलं. माझी लष्करातली म्हातारी होती, तिच्या सगळ्या फटी सैल झालेल्या. ती तेल पीत होती आणि मला वाटत होतं, वा, काय मुरतंय.

मिस्त्री तेव्हा दारावरून जात होता. तो थांबला. ब्रह्मदेशातही त्याने असं काही पाहिलं नसावं.

"भाऊ, न्हाऊ घाला, माह्यं काई म्हणणं नाई," तो म्हणाला. "पण चाकाच्या पोटात तेल जाऊ देऊ नका. पोटात ब्रेकचे पट्टे हायेत. ते कोरडे पायजेत. तेल लागलं का मंग ते धरत नाई."

"सणासुदीचं असं अशुभ काहून बोलून राह्यला?" अध्यक्ष म्हणाले. "आन् तू सभासद हायेस का?"

मिस्त्रीने माझ्याकडे एकदा पाहिलं, कारण पाडव्याला मी धाकटीला आणायला जाणार हे त्याला माहीत होतं. मी मान खाली घालून उटणं कालवत होतो. मग कढत पाण्याचे तांबे ओतले, अध्यक्षांच्या आईने फटफट्यांना ओवाळलं, आणि न्हाताना फुलबाजी लावायची असते म्हणून एकाने ती पेटवून माझ्या टाकीभोवती फिरवली. तो एक म्हणजे मीच. कलम लिहिणारा हात आणि फुलबाजी धरणारा हात एकच होता.

लक्ष्मीपूजनाला गाडी घरी उभी होती, झूल घालून. पाडव्याला उजाडताना मी निघालो. मायने मागच्या सीटवर तिची जुनी वाकळ चार घड्या करून सुतळीने बांधून दिली. लेकीला रस्त्याचे दणके लागू नयेत म्हणून. त्या सुतळीच्या गाठी तिने तीनदा ओढून पाहिल्या. त्या घरात त्या दिवशी निघण्यापूर्वी काही तपासणारी ती एकटीच.

"सावकाश आण तिले," ती म्हणाली.

हवा गार होती, रस्ता मोकळा. बैलगाडी समोर आली की उतरून इंजिन बंद करायचं हा नियम मी पहिल्या गाडीला पाळला. दुसऱ्या गाडीला नुसता भोंगा वाजवला. तिसरीपासून दोन्ही सोडलं, कारण नियम करणाऱ्याला थोडी सूट असतेच. मालेगाव मागे पडलं. पुढे एका नाल्याच्या उतारावर मी ब्रेक दाबला आणि फटफटी थांबली, पण जिथे थांबायला पाहिजे होती तिथून बरीच पुढे. पुन्हा दाबून पाहिला. पाय लोण्यात गेल्यासारखा खाली गेला. हाताचा ब्रेक दाबला, तो तर नुसता हसला.

मी नाल्यात उभा राहिलो. मिस्त्रीचं बोलणं आठवलं. चाकाला हात लावला तर गरम होतं आणि फटीतून तिळाचा वास येत होता, अगदी सणाचा वास. मालेगावला परत जाऊन चाकं खोलून पट्टे पुसता आले असते. दुपार झाली असती. पण मागच्या वर्षी धाकटी दारात बसून राहिली होती, आणि सासरा सकाळीच या म्हणाला होता. खरं कारण तेही नव्हतं. सासऱ्याचं सगळं गाव बघायला उभं असेल आणि मी दुपारी घामेजलेला, तेलकट हातांनी पोचेन, हे मला नको होतं. मी किक मारली.

पाडव्याला आमच्या भागात गायगोधन असतं. गावाच्या तोंडाशी गुरं जमण्याची जी मोकळी जागा, तिला आखर म्हणतात. तिथे शेणाचा मोठा ढीग रचून, त्याला झेंडूची फुलं खोचून त्याची पूजा करतात आणि सजवलेली गुरं त्याच्यावरून नेतात. पहिला पाय कोणाच्या गाईचा पडायचा, हा मान असतो. त्या वर्षी मान धाकटीच्या सासऱ्याचा होता. आणि त्या भल्या माणसाने काय केलं, तर सगळं गाव आखरावर थांबवून ठेवलं. पाव्हणे फटफटी घेऊन येतात, ती पाहू, मग गोधन करू. गाईचं दावं त्याने मनगटाला गुंडाळून घेतलं होतं आणि रस्त्याकडे डोळे लावून उभा होता.

गावाकडे येणारा रस्ता उताराचा. वरून मला सगळं दिसलं. लाल गेरूने शिंगं रंगवलेली गुरं, नव्या लुगड्यातल्या बाया, मधोमध तो ढीग, आणि हात वर करून मला बोलावणारा सासरा. मी ब्रेक दाबला. काही झालं नाही. दोन्ही दाबले. मग घाबरून, ज्याला काही कळत नाही असा माणूस जे करेल तेच केलं, क्लच दाबून धरला. फटफटी मोकळी झाली आणि जास्तच वेगाने सुटली.

गुरांनी माझ्याआधी ओळखलं. सगळं आखर एका क्षणात उधळलं. लोक बाजूला पळाले, आणि मी त्या रिकाम्या झालेल्या वाटेने सरळ गोधनाच्या ढिगात शिरलो. पहिला मान फटफटीच्या पुढच्या चाकाला मिळाला. आमच्या मंडळाने पाच गाड्यांना जे दिलं नव्हतं ते त्या शेणाने दिलं, ब्रेक. फटफटी रुतून आडवी झाली आणि मी तोंडावर पडलो. मला ओरखडाही आला नाही. डोळ्यांतलं शेण पुसून पाहिलं तेव्हा सासरा वीस हात लांब मातीत बसला होता. गाय उधळली तेव्हा दावं त्याच्या मनगटाला होतं. तिने त्याला ओढत नेलं होतं आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता.

"गुरं धरा आंधी," तो दातओठ आवळून म्हणाला. "माह्यं मंग पाहू."

त्याला खाटेवर घालून घरी आणलं. शेजारच्या गावचा हाड बसवणारा म्हातारा आला. त्याने पाय ओढून बसवला, हळद भरली, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितलं, सव्वा महिना पाय खाली टेकवायचा नाही. सासरा तेव्हा एकदाच ओरडला. मी ओसरीच्या खांबाला धरून उभा होतो, अंगभर शेण, टोपीत झेंडूचं एक फूल अडकलेलं. ते काढायचंही मला सुचलं नाही.

धाकटीची पेटी दारात भरून ठेवलेली होती. वर गाठोडं होतं, आणि ती नवं हिरवं लुगडं नेसून तयार होती. तिने हातात नव्या बांगड्या भरल्या होत्या. सासूने शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं. ती माझ्याजवळ येऊन शांतपणे म्हणाली, "माह्ये डोळे त असे अधू. कापसाची दुसरी वेचणी तोंडावर आली, पोरगा दिवसभर वावरात. आता तुमीच सांगा पाव्हणे, तिले कशी धाडू?"

नियमांत त्याचं कलम नव्हतं.

धाकटीने पेटी उचलली आणि आत नेली. आतून कडी सरकवल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने ती बाहेर आली तेव्हा अंगावर रोजचं लुगडं होतं.

"दादा, पाणी तापवलं हाय," ती म्हणाली. "आंग धुऊन घे आंधी."

न्हाणीत तिने तेलाची वाटी ठेवली होती. चतुर्दशीला मी स्वतःचं घाईघाईने आटोपलं होतं, गाडीचं करायचं होतं ना. माझं त्या वर्षीचं खरं अभ्यंगस्नान हे असं पाडव्याला, बहिणीच्या सासरी झालं. ते तेल पाहून मला रडू आलं. मी रडलो, पाण्याचा आवाज करत.

भाऊबीज मी तिथेच केली. सासऱ्याने खाटेवरूनच हट्ट धरला की पाव्हण्याला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. मी त्याच्या पायांना हात लावायला गेलो तर तो म्हणाला, "उजव्याले नका लावू फक्त." आणि हसला. बाहेर गावातले लोक एकेक करून फटफटी पाहायला येत होते. सासऱ्याचं म्हणणं पडलं, कशी का होईना, गावानं पाहिली.

धाकटीने ओवाळलं. लेकीला आणताना द्यायची म्हणून मायने दिलेली चोळी मी ताटात घातली. मग निघायच्या वेळेला अंगणात ती फटफटीजवळ आली. मी आदल्या संध्याकाळीच चाकं खोलून पट्टे राखेने घासून, कोरडे करून बसवले होते. आयुष्यात पहिल्यांदा, आणि बरोबर एक दिवस उशिरा.

"तुह्ये नियम मले पाठ हायेत," ती म्हणाली. "पाय एकाच बाजूले ठेवाचे. पदर खोचाचा. उताराले भावासंग बोलाचं नाई. म्या रोज ओट्याच्या काठावर बसून पाहत होती, कसं बसाचं ते."

तिने इकडेतिकडे पाहिलं. सासू आत होती. तिने पदर कमरेला खोचला आणि मागच्या सीटवर, मायच्या वाकळीवर बसली. पाय एका बाजूला. गाडी बंद, स्टँडवर. समोरच्या रस्त्याकडे पाहत ती तशीच बसली, काही न बोलता, उतारावर बसावं तशी. आतून सासऱ्याने पाणी मागितलं. ती उतरली आणि गेली.

परतीच्या वाटेने मी माझे सगळे नियम पाळले. एकही सोडला नाही. प्रत्येक बैलगाडीला इंजिन बंद केलं, उतरलो, बैल पुढे जाईपर्यंत उभा राहिलो. त्या गाड्यांत माहेरवाशिणी होत्या, भावांबरोबर निघालेल्या. त्या माझ्याकडे आणि मागच्या रिकाम्या वाकळीकडे पाहत जात. प्रत्येक उतारावर ब्रेक आधी तपासला. इतका सुखरूप प्रवास आमच्या मंडळाच्या इतिहासात कोणी केला नसेल.

पुढच्या बैठकीत ठराव झाला, चाकाच्या पोटात तेल घालू नये. सूचक अध्यक्ष, अनुमोदक चिटणीस. तेव्हाही मिस्त्री अंगणात माझ्या फटफटीचा वाकलेला दांडा सरळ करत होता. ठराव वाचून झाल्यावर मी चहाचा कप घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने कप घेतला आणि विचारलं, "पोरगी आली का?" मी नाही म्हणालो. तो पुन्हा दांडा ठोकायला लागला.

पण हे नंतरचं. भाऊबीजेच्या दिवशी मी वाशीमला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. फटफटीचा आवाज लांबून ऐकूनच माय दारात आली होती. हातात भाकरतुकड्याचं ताट, ओवाळून टाकायला. तिने माझ्या मागे पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं, जणू धाकटी मागून चालत येत असेल. मी सगळं सांगितलं. तेल, ब्रेक, सासऱ्याचा पाय, काही लपवलं नाही. तिने ताट खाली ठेवलं आणि सुतळीच्या गाठी सोडायला लागली.

गाठी घट्ट होत्या. तिनेच बांधल्या होत्या.

"बसली होती ती याच्यावर," मी म्हणालो. "अंगणात. घडीभर."

मायचा हात वाकळीवर थांबला. आमच्या घरी बाहेरून आलेलं अंथरूण दोनदा झटकल्याशिवाय आत जात नसे. तिने ती वाकळ झटकली नाही. चारही घड्या तशाच ठेवून दोन्ही हातांनी उचलली आणि आत नेऊन आपल्या उशाशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात गेलो आणि दमणीवरच्या कोंबड्या हाकलल्या.